तहहयात हुकूमशहाचा राजीनामा : पायथनच्या सत्तांतराची कथा

१/१९
१२ जुलै २०१८. पायथन या संगणकभाषेचे जनक गिडो व्हान रॉसम यांनी सहकाऱ्यांना एक छोटे पत्र पाठवले. विषय होता ‘सत्तांतर’. अंतिम निर्णयाचा अधिकार आपण सोडत आहोत आणि उत्तराधिकारी नेमणार नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. पुढे लोकशाही आणायची की अराजक, हुकूमशाही की संघराज्य, हे ज्याचे त्यांनीच ठरवावे, असा पत्राचा रोख होता.

२/१९
इतिहासात राजे पदच्युत होतात, मारले जातात, क्वचित स्वतःहून गादी सोडतात. गादी सोडणाऱ्याचा वारस बहुधा आधीच ठरलेला असतो. येथे वारस नव्हता, घटना नव्हती, निवडणुकीचे नियम नव्हते; नियम कोणी करायचे याचाही नियम नव्हता. तरीही सात महिन्यांच्या आत या समुदायाने लिखित शासनव्यवस्था उभी केली. ती कशी, हे या धाग्यात सविस्तर पाहू.

३/१९
आधी एक मूलभूत प्रश्न. ओपन सोर्स प्रकल्पात सत्ता म्हणजे नेमके काय? नेत्याच्या हाती फौज नसते, करवसुली नसते, बहुतेकांचा पगारही प्रकल्पाकडून येत नाही. उलट परवानाच प्रत्येकाला मुभा देतो, की सगळा सोर्स कोड उचलावा आणि वेगळी चूल मांडावी. या वेगळे होण्याला ‘फोर्क’ म्हणतात. ज्या राज्याची प्रजा राज्याची हुबेहूब प्रत घेऊन केव्हाही निघून जाऊ शकते, तेथे सक्तीने राज्य करता येत नाही.

४/१९
ही केवळ कल्पना नव्हे. १९९७ साली जीसीसी या प्रसिद्ध कंपायलरच्या संथ आणि बंदिस्त विकासपद्धतीला कंटाळून काही विकासकांनी ईजीसीएस नावाची वेगळी शाखा काढली. ती इतकी सरस ठरली की १९९९ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने तिलाच अधिकृत जीसीसी म्हणून मान्यता दिली. बंडखोरच गादीवर आले. मात्र फाटाफुटीची किंमत मोठी असते : मनुष्यबळ विभागते, एकच दुरुस्ती दोन ठिकाणी करावी लागते, वापरकर्ते गोंधळतात. वाद एका जागी संपवणारे कोणीतरी हवे असते, ते यासाठी.

५/१९
पायथनमध्ये ते काम संस्थापकाकडे आपोआप आले. डिसेंबर १९८९ मध्ये, नाताळच्या सुट्टीत, व्हान रॉसम यांनी ही भाषा लिहायला घेतली. तेव्हा ते ॲम्स्टरडॅममधील सीडब्ल्यूआय या गणित व संगणकशास्त्र संशोधन संस्थेत काम करत होते. फेब्रुवारी १९९१ मध्ये पहिली सार्वजनिक आवृत्ती आली. भाषेचे नाव सापावरून नव्हे, तर ‘माँटी पायथन’ या ब्रिटिश विनोदी मंडळीच्या कार्यक्रमावरून ठेवलेले आहे.

६/१९
वारसाहक्काचा प्रश्न फार लवकर उपस्थित झाला. १९९४ साली वापरकर्त्यांच्या चर्चेत एकाने थेट विचारले : उद्या गिडो बसखाली आले तर? प्रश्न विनोदी सुरात होता, पण त्यामागची चिंता खरी होती. एका माणसाच्या डोक्यात साठलेल्या भाषेवर आपले काम किती विसंबून ठेवायचे, असा तो प्रश्न होता. त्याला ठोस उत्तर मिळायला चोवीस वर्षे लागली.

७/१९
१९९५ साली व्हान रॉसम अमेरिकेत आले. त्याच वर्षी सहकाऱ्यांनी थट्टेने आपसांत भारदस्त पदव्या वाटून घेतल्या. त्यांच्या वाट्याला आली ‘बेनेव्होलंट डिक्टेटर फॉर लाइफ’, म्हणजे तहहयात परोपकारी हुकूमशहा. मूळ पदवीच्या आधी ‘प्रथम हंगामी’ अशी विशेषणेही जोडलेली होती. ती लवकरच गळून पडली आणि थट्टा हीच व्यवस्था झाली. पुढे अनेक प्रकल्पांच्या संस्थापकांना हीच पदवी लावली जाऊ लागली.

८/१९
ही हुकूमशाही मनमानी नव्हती. २००० सालापासून भाषेतील प्रत्येक मोठ्या बदलासाठी लेखी प्रस्ताव मांडण्याची पद्धत सुरू झाली. या प्रस्तावाला ‘पेप’ म्हणतात. प्रस्ताव मांडला जाई, खुली चर्चा होई, शेवटी व्हान रॉसम होकार वा नकार देत. पुढे काही विषयांत त्यांनी निर्णयाचा अधिकार जाणकार सहकाऱ्यांकडे सोपवला. २००१ मध्ये पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशन स्थापन झाले. बौद्धिक संपदा आणि पैशांचा कारभार त्या संस्थेकडे गेला. भाषेविषयीचा शेवटचा शब्द मात्र एकाच माणसाचा राहिला.

९/१९
मग २०१८ मध्ये पेप ५७२ आला. मागणी दिसायला किरकोळ होती : एखाद्या चलाला किंमत देणे आणि ती किंमत त्याच पदावलीत वापरणे, ही दोन्ही कामे एका चिन्हाने साधावीत. अपूर्णविरामापुढे बरोबरचे चिन्ह, असे त्याचे रूप. आडवे पाहिले तर ते वॉलरसच्या डोळ्यांसारखे आणि सुळ्यांसारखे दिसते, म्हणून त्याला ‘वॉलरस’ हे नाव पडले. विरोधकांचे म्हणणे होते की पायथनचा साधेपणा आणि वाचनसुलभता यांना त्यामुळे तडा जाईल.

१०/१९
वाद महिनोन्महिने चालला आणि अतिशय कडवट झाला. व्हान रॉसम स्वतः प्रस्तावाचे सहलेखक होते आणि अंतिम न्यायाधीशही तेच होते. त्यांनी प्रस्ताव मंजूर केला आणि काही दिवसांत पद सोडले. एका प्रस्तावासाठी इतके झगडावे लागावे आणि त्यानंतरही इतक्या लोकांना आपला निर्णय तिरस्करणीय वाटावा, हे पुन्हा नको, अशी त्यांची भावना होती. संमतीवर उभी असलेली सत्ता अशीच संपते. त्यांना कोणी हटवले नाही. मात्र संमती टिकवण्याचा सारा भार एका माणसावर होता आणि तो माणूस थकला.

११/१९
त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लिनक्सचे संस्थापक लिनस टोरवाल्ड्स यांनीही स्वतःच्या कठोर वागण्याची कबुली देऊन काही काळ रजा घेतली. ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी ४.१९ ही आवृत्ती पूर्ण केली आणि टोरवाल्ड्स ऑक्टोबरमध्ये परतले. तेथे तात्पुरता कारभारी पुरला. पायथनमध्ये राजा परतणारच नव्हता. शिवाय व्हान रॉसम सामान्य विकासक म्हणून समुदायातच राहणार होते, पण नवी व्यवस्था घडवण्याचे काम इतरांनी करावे यावर ते ठाम होते.

१२/१९
त्यानंतरच्या महिन्यांत घटनेचे एकूण सात मसुदे पुढे आले. एका मसुद्यात पुन्हा एकच नेता होता. त्या पदाचे इंग्रजी नाव असे रचले होते की त्याची आद्याक्षरे जोडल्यास ‘गिडो’ हाच शब्द तयार होई. दुसऱ्यात तिघांचे मंडळ होते. तिसऱ्यात केंद्रीय सत्ताच नव्हती. त्या त्या विषयातील जाणकारांनी निर्णय घ्यावेत, असे तो सांगत होता. आणखी एका मसुद्याची अट अशी, की मंडळावर मुख्य विकासक नसावेतच. बाहेरच्यांनी निःपक्षपातीपणे निवाडा करावा. राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातील बहुतेक प्रकरणे येथे हजर होती.

१३/१९
आता सात मसुद्यांतून एक निवडायचा कसा? ज्याला सर्वाधिक मते तो विजयी, हा नियम येथे धोक्याचा होता. सात ठिकाणी मते विभागली, तर बहुसंख्यांना न आवडणारा मसुदाही जिंकू शकतो. समुदायाने उत्तर शोधले ते अठराव्या शतकातील फ्रान्समध्ये. गणिती आणि विचारवंत मार्की द कोंदोर्से यांनी १७८५ च्या आपल्या ग्रंथात याच पेचाचा अभ्यास केला होता. त्यांचे तत्त्व असे : जो पर्याय इतर प्रत्येक पर्यायाशी समोरासमोरच्या लढतीत जिंकतो, तोच खरा विजेता.

१४/१९
उदाहरण घेऊ. ९ मतदार आणि क, ख, ग हे तीन पर्याय. ४ जणांचा पसंतीक्रम क, ख, ग. ३ जणांचा ग, ख, क. २ जणांचा ख, ग, क. केवळ पहिली पसंती मोजली तर क जिंकतो, ख सर्वांत मागे राहतो. आता जोड्या लावून पाहा. ख विरुद्ध क : ख ला ५, क ला ४. ख विरुद्ध ग : ख ला ६, ग ला ३. म्हणजे पहिल्या मोजणीत तळाला असलेला ख दोन्ही लढती जिंकतो. तीव्र मतभेद असलेल्या समूहाला बहुतेकांना मान्य होईल असा पर्याय यातून सापडतो.

१५/१९
कोंदोर्से यांच्या वाट्याला मात्र यश आले नाही. १७९३ मध्ये त्यांनी क्रांतिकारी फ्रान्ससाठी घटनेचा मसुदा तयार केला. तो बाजूला पडला. नव्या घटनेवर टीका केल्यामुळे अटकेचा हुकूम निघाला, ते काही महिने लपून राहिले आणि मार्च १७९४ मध्ये पकडले जाऊन कोठडीतच मरण पावले. त्यांच्या मतमोजणीच्या तत्त्वाला दोन शतकांनंतर घर मिळाले ते स्वयंसेवी प्रोग्रामरांच्या समुदायांत.

१६/१९
पायथनच्या आधी हा मार्ग डेबियनने चोखाळला होता. लिनक्सवर आधारित ही प्रणाली इयन मर्डॉक यांनी १९९३ साली विद्यार्थिदशेत सुरू केली. १९९६ मध्ये त्यांनी सूत्रे ब्रूस पेरेन्स यांच्याकडे दिली आणि डिसेंबर १९९८ मध्ये डेबियनने लिखित घटना स्वीकारली. नेता दरवर्षी निवडला जातो, मतदार पसंतीक्रम देतात, मोजणी कोंदोर्सेच्या तत्त्वावर होते आणि ‘यांपैकी कोणीही नको’ हा पर्यायही मतपत्रिकेवर असतो. घटनेतील सर्वांत बोलके कलम मात्र वेगळेच आहे : ही घटना कोणावरही काम करण्याचे बंधन घालत नाही. निवडून आलेला नेताही कोणाला काम करण्याचा हुकूम देऊ शकत नाही.

१७/१९
डिसेंबर २०१८ मध्ये पायथनच्या मुख्य विकासकांनी मतदान केले. सात मसुद्यांच्या जोडीला ‘पुढील चर्चा’ हा आठवा पर्याय होता. जिंकला पेप ८०१६ : पाच जणांचे निर्वाचित सुकाणू मंडळ. त्याच्या तरतुदी वाचण्याजोग्या आहेत. भाषेच्या प्रत्येक मोठ्या आवृत्तीनंतर नवी निवडणूक होईल. एकाच कंपनीचे दोनपेक्षा जास्त सदस्य मंडळावर नसतील. दोनतृतीयांश मतांनी मंडळावर अविश्वास दाखवता येईल. मंडळाला अधिकार व्यापक दिले; पण ते शक्य तितके कमी वापरावेत आणि सहमती शोधावी, असेही लिहून ठेवले.

१८/१९
फेब्रुवारी २०१९ च्या आरंभी पहिले मंडळ निवडून आले : बॅरी वॉर्सॉ, ब्रेट कॅनन, कॅरल विलिंग, निक कॉगलन आणि स्वतः गिडो व्हान रॉसम. हुकूमशहा परतला, पण पाचांतील एक म्हणून आणि मतपेटीतून. पुढच्याच महिन्यात डेबियनमध्ये उलट दृश्य दिसले. नेतेपदासाठी अर्ज भरण्याची मुदत संपली आणि उमेदवार एकही नव्हता. अशा वेळी काय करायचे हे घटनेत लिहिलेले होते : मुदत एक आठवड्याने वाढवावी. त्या आठवड्यात उमेदवार पुढे आले आणि एप्रिलमध्ये सॅम हार्टमन निवडून आले. सत्तेसाठी भांडण लागले तर घटना उपयोगी पडतेच. सत्ता कोणालाच नको असते, तेव्हाही पडते. पगाराविना चालणाऱ्या प्रकल्पाला दुसरा धोका अधिक जवळचा आहे.

१९/१९
२०१९ च्या अखेरीस पायथनच्या दुसऱ्या मंडळाची निवडणूक झाली. व्हान रॉसम यांचे नाव सुचवले गेले होते. त्यांनी ते मागे घेतले. नवे मंडळ त्यांच्याविना निवडले गेले आणि कामाला लागले. दरम्यान ऑक्टोबरमध्ये पायथन ३.८ आली आणि तिच्यात ते ‘वॉलरस’ चिन्ह होते. त्या चिन्हावरून भाषेचे दोन तुकडे झाले नाहीत. त्याला विरोध करणारे अनेक जण नव्या व्यवस्थेतही काम करत राहिले. उद्या गिडो बसखाली आले तर, या १९९४ च्या प्रश्नाला समुदायाने अखेर लेखी उत्तर दिले होते, आणि तेही ते हयात असताना.