वॉर्ड ८६ मधील शुश्रूषा

कॅलिफोर्निया व टेक्सास या अमेरिकन राज्यांत परिचारिकांचा एक वर्ग आहे. त्यास ‘व्होकेशनल नर्स’ म्हणतात. सुमारे वर्ष-दीड वर्षाचे शिक्षण, राज्याचा परवाना आणि वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम, अशी ही धाकटी पायरी. ताप व रक्तदाब पाहणे, वजन घेणे, जखम बांधणे, औषध देणे हे तिचे नित्यकर्म. सेमिनरीत आपण ज्या शब्दासाठी ‘पाचारण’ म्हणतो, तोच शब्द या पदास चिकटलेला आहे. त्याचा उगम कारकुनी असेल; तरी तो मला चुकीचा वाटत नाही.

५ जून १९८१ रोजी लॉस एंजेलिसमधील पाच तरुणांच्या असाधारण न्यूमोनियाची नोंद छापली गेली आणि एड्सचा लिखित इतिहास सुरू झाला. विषाणू सापडला १९८३ मध्ये, रक्तचाचणी आली १९८५ मध्ये. मधल्या काळात भयाचेच राज्य होते. रुग्णाच्या जेवणाचे ताट दाराबाहेर ठेवून परतणारे सेवक तेव्हा अनेक इस्पितळांत होते.

सॅन फ्रान्सिस्को जनरल हॉस्पिटलात जानेवारी १९८३ मध्ये ‘वॉर्ड ८६’ हा बाह्यरुग्ण विभाग उघडला आणि त्याच वर्षी जुलैमध्ये बारा खाटांचा ‘५ बी’. दुसऱ्याची उभारणी क्लिफ मॉरिसन या परिचारकाने केली. तेथे स्वेच्छेने येणाऱ्यांनाच घेतले गेले. रक्ताशी संबंध येई तेथे दक्षता होतीच, कारण सुईचा धोका खरा होता. पण बोलताना, हात धरताना, खाटेच्या कडेवर बसताना झगा व हातमोजे नकोत, असा त्यांचा निर्णय होता. भेटीच्या वेळांचे बंधन त्यांनी काढले. आपले कुटुंब कोणते, हे रुग्णाने सांगावे असे ठरवले. घरच्यांनी टाकलेल्या माणसांच्या बाबतीत याला पर्याय नव्हता; आपणा धर्मगुरूंना मात्र हा निर्णय आजही सहज पचत नाही, हे मान्य करावे.

मार्कच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात प्रभू कुष्ठरोग्यास आधी स्पर्श करतो. शुद्धी त्यानंतर येते. हा क्रम आपण प्रवचनात सांगतो. त्या परिचारिकांनी तो पाळला, तेव्हा देण्यास औषधही नव्हते. १९८७ मध्ये एझेडटी आले. ते सुरुवातीस दर चार तासांनी, रात्री उठूनही घ्यावे लागे. १९९६ पासून संयुक्त औषधयोजनेने मृत्यू झपाट्याने घटले. त्यामुळे क्लिनिकातील परिचारिकेचे काम पालटले: मरणाऱ्याजवळ बसण्याऐवजी जगणाऱ्यास ‘गोळ्या चुकल्या का?’ असे विचारणे, आणि चुकल्या तर न रागावता कारण ऐकणे. पापनिवेदन ऐकणाऱ्यास या कामाची जात ओळखीची वाटेल.

आपल्याकडे गोव्यात १९८९ मध्ये डॉमिनिक डिसोझा हा तरुण नियमित रक्तदान करीत असे. त्या रक्तातच विषाणू आढळला. सार्वजनिक आरोग्य कायद्याच्या आधारे त्यास म्हापशाच्या एका जुन्या क्षयरोग रुग्णालयात चौसष्ट दिवस एकटे कोंडले गेले. ‘५ बी’ उघडून तेव्हा साडेपाच वर्षे झाली होती. अशा स्पर्शाने रोग होत नाही हे जगास ठाऊक होते. भेदभावास मनाई करणारा केंद्रीय कायदा आला २०१७ मध्ये. डॉमिनिकने १९९२ मध्ये ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था स्थापन केली आणि त्याच वर्षी तो वारला.