नोंद आणि वहिवाट

गाढी नदीकाठच्या विचुंब्यात, जेथे एके काळी भातखाचरांच्या बांधांवरून हद्दी ओळखल्या जात आणि जेथे आज नव्या पनवेलच्या शेजाराने इमारतींची दाटी झाली आहे, तेथे सातबारा एकाच्या नावे आणि वहिवाट दुसऱ्याची हा प्रकार कोणासही समजावून सांगावा लागत नाही. परंतु हाच पेच संगणकाच्या पोटातही असतो, हे मला गेल्या पावसाळ्यात उमगले. नव्या, वेगवान डिस्कवर विंडोज बसवून वर्ष लोटले होते; म्हणून कुरकुरणारी जुनी डिस्क काढून टाकली, आणि नव्या डिस्कवरील सारा ऐवज शाबूत असूनही संगणक सुरूच होईना.

या पेचाचे मूळ १९८३ सालात आहे. आयबीएमच्या एक्सटी या संगणकात १० मेगाबाइटची हार्ड डिस्क आली, आणि त्याच वर्षीच्या डॉस २.० ने डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांत तिचे दफ्तर मांडले: ४४६ बाइट प्रारंभ करून देणाऱ्या आज्ञावलीस, ६४ बाइट चार विभागांच्या नोंदींस आणि अखेरचे दोन बाइट खुणेच्या मोहरेस. संगणक सुरू होताच जागा होणारा बायोस क्रमाने पहिल्या ठरलेल्या डिस्कचे दफ्तर उघडी आणि पुढला कारभार त्याच्या हवाली करी. डिस्क एकच असेतो ही व्यवस्था निर्दोष होती.

नव्वदीच्या दशकात मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून दुसरी डिस्क आणून तीवर लिनक्स बसवणाऱ्या हौशी तरुणांना या व्यवस्थेचे उणेपण प्रथम भोगावे लागले. लिलो हा बूट व्यवस्थापक लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नेल, डिस्कवर नेमके कोठे आहे त्याचा पत्ता टिपून ठेवी. कर्नेल बदलून फेरफार नोंदवला नाही, की प्रारंभ फसे. कधी कधी तर स्वतःच्या नावाची पहिली दोनच अक्षरे पडद्यावर उमटवून तो थिजे. विंडोज पुन्हा बसवावे, तर ते पहिल्या डिस्कच्या दफ्तरातील आज्ञावली न विचारता पुसून टाकी. पुढे ग्रब हा नवा व्यवस्थापक आला. तो फाइल नावाने शोधू शके, ही मोठीच प्रगती. तथापि डिस्कची गणना तोही बायोसच्याच क्रमाने करी, त्यामुळे मदरबोर्डवरील नाण्याएवढी बॅटरी संपून क्रम विसरला गेला, की कालची पहिली डिस्क आज दुसरी ठरे.

बायोसच्या जागी आलेल्या यूईएफआयने प्रारंभाची नोंद मदरबोर्डच्या स्मृतीत नेली आणि आज्ञावलीसाठी डिस्कवर स्वतंत्र विभाग राखला. हा विभाग आधीच एका डिस्कवर असला, तर विंडोज सहसा तेथेच आपले दफ्तर थाटते, मग स्वतः ते भलत्याच डिस्कवर नांदत असो. माझ्या बाबतीत नेमके हेच घडले होते. वापरणाऱ्याला एका शब्दाने न विचारता त्याच्या घराची किल्ली शेजाऱ्याकडे ठेवण्याची ही रीत मला आजही अन्यायाची वाटते.

त्या रात्री जुनी डिस्क पुन्हा जोडली, नव्या डिस्कवर थोडी जागा मोकळी करून तेथे तो विभाग निर्माण केला आणि बीसीडीबूट या आज्ञेने दफ्तर तेथे हलवले. त्यानंतर कोणाच्याही संगणकावर विंडोज बसवताना मी प्रथम बाकीच्या साऱ्या डिस्कच्या तारा काढून ठेवतो.