व्हेनिसचा पाहुणा आणि त्याचें आरोग्य



परगांवीं जाणारा मनुष्य दोन गोष्टींची चौकशी आधीं करतो. तेथें हिंडावयाचें कसें, आणि प्रकृति बिघडली तर जावयाचें कोठें? इटलींतील व्हेनिस शहरापुरते हे दोन प्रश्न जवळजवळ एकच आहेत. तेथें रस्ता म्हणजे पाणी. माल त्याच पाण्यानें आला, सांथहि त्याच पाण्यानें आली, आणि आजहि रोग्याला इस्पितळांत न्यावयाचें तें त्याच पाण्यावरून. म्हणून प्रवाशाच्या उपयोगाची माहिती सांगण्यापूर्वी त्या शहराच्या सहाशें वर्षांच्या अनुभवाकडे पाहणें योग्य होईल.

व्हेनिसचें शेत समुद्रावर होतें, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं. पूर्वेकडील मिरीं, रेशीम, कापूस तेथें उतरावा आणि तेथून युरोपभर जावा, यावर त्या प्रजासत्ताकाचें वैभव उभें होतें. अशा शहरांत १३४८ सालीं प्लेग शिरला. रोगाचें कारण तेव्हां कोणासच ठाऊक नव्हतें. प्लेगचा जंतु सांपडला तो १८९४ सालीं, हाँगकाँग येथें. परंतु जहाजांमागून मृत्यु येतो, एवढें लोकांच्या ध्यानांत आलें. आतां करावें काय? बंदर बंद करावें तर उपासमार, उघडें ठेवावें तर सांथ.

या पेंचांतून रागुझा, म्हणजे आजचें दुब्रोव्हनिक, या बंदरानें १३७७ सालीं एक वाट काढली : सांथीच्या मुलुखांतून येणाऱ्यानें तीस दिवस बाहेर थांबावें. व्हेनिसनें पुढें या कल्पनेस कायमचें घर दिलें. १४२३ सालीं सरकारनें लिदोजवळच्या एका बेटावर सांथीच्या रोग्यांसाठीं इस्पितळ उघडलें. त्या बेटाला नाझरेथच्या मेरीचें नांव होतें. तें नांव आणि रोग्यांचा कैवारी संत लाझरस याचें नांव यांचा मेळ होऊन ‘लाझारेत्तो’ हा शब्द बनला, असें मानतात. १४६८ सालीं दुसऱ्या बेटावर नवें लाझारेत्तो झालें. तें आजाऱ्यांसाठीं नसून संशयित जहाजांवरील धडधाकट माणसें व माल यांसाठीं होतें. थांबण्याची मुदत चाळीस दिवसांची ठरली. चाळिसाला तिकडे ‘क्वारांता’ म्हणतात, आणि त्यावरूनच ‘क्वारंटीन’ हा शब्द जगभर गेला.

या नव्या बेटावर शंभर मीटरांहून लांब अशी एक वखार अद्याप उभी आहे. माल सोडून दिवसच्या दिवस वाऱ्यावर उलथापालथा करावा, सुगंधी वनस्पतींची धुरी द्यावी, असा तेथें प्रघात होता. भिंतींवर सोळाव्या शतकांतील व्यापारी व रखवालदार यांनीं तांबड्या रंगानें लिहिलेलीं अक्षरें आहेत. जहाज कोठून आलें, माल कोणता होता, अशा साध्या नोंदी त्यांत दिसतात. चाळीस दिवस रिकामें बसलेल्या माणसानें दुसरें काय लिहावें?

हा उपाय रामबाण होता असें मात्र नाहीं. १५७५ ते १५७७ आणि १६३० ते १६३१ या दोन सांथींत, प्रत्येक वेळीं, शहरांतील सुमारें तिसरा हिस्सा माणसें गेलीं. जुन्या बेटावरील उत्खननांत दीड हजारांहून अधिक सांगाडे सांपडले आहेत. त्या दोन संकटांचीं स्मारकें म्हणजे रेदेंतोरे आणि सांता मारिया देल्ला सालूते हीं दोन भव्य चर्चें. ‘सालूते’ या शब्दाचा एक अर्थ आरोग्य असाच आहे.

या इतिहासाचा धागा आपल्यापर्यंतहि पोंचतो. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग उद्भवला, आणि १८९७ च्या आरंभीं त्यासंबंधीं आंतरराष्ट्रीय आरोग्य-परिषद भरली ती व्हेनिसमध्येंच. मुंबईच्या बाजूनें येणारीं जहाजें व मक्केचे यात्रेकरू यांवर कोणते निर्बंध घालावे, याचा तेथें खल झाला. त्याच वर्षीं पुण्यांत घरझडत्या आणि सक्तीची विलगता यांमुळें लोकांना रोगापेक्षां बंदोबस्ताचेंच भय अधिक वाटूं लागलें होतें. मला वाटतें, खरा बोध येथेंच आहे. दुसऱ्याला थांबविण्याचा अधिकार ज्याला हवा, त्यानें थांबलेल्याच्या अन्नाची, निवाऱ्याची व औषधाची जबाबदारीहि उचलली पाहिजे. व्हेनिसच्या बेटांवर यातना थोड्या नव्हत्या. परंतु ही जबाबदारी त्या सरकारनें आपली मानली होती.

आतां आजच्या प्रवाशाविषयीं. १८४६ पर्यंत या शहरीं नावेवांचून जातां येत नसे. त्या सालीं आगगाडीचा पूल झाला व १९३३ सालीं मोटारींचा. तरीहि मोटार पियाझ्झाले रोमा या चौकापर्यंतच जाते. तेथून पायीं चालावें, किंवा ‘वापोरेत्तो’ नांवाच्या बोटींत बसावें. या बोटी १८८१ पासून चालू आहेत. आरंभीं त्या वाफेच्या होत्या, म्हणून हें नांव. तिकीट नुसतें विकत घेऊन भागत नाहीं. बोटींत चढण्यापूर्वी धक्क्यावरील यंत्राला तें लावावें लागतें, नाहींतर दंड होतो. शहरांत सुमारें चारशें पूल आहेत व बहुतेकांना पायऱ्या आहेत. म्हणून सामान बेताचें न्यावें, आणि बरोबर वृद्ध माणसें असल्यास उतरण्याची जागा बोटीच्या धक्क्याजवळ पाहावी.

प्रकृति एकाएकीं बिघडल्यास ११२ या क्रमांकावर फोन करावा. येथें एक खुबी ध्यानांत ठेवावी. या शहराचे सहा विभाग आहेत, आणि घरांचे क्रमांक गल्लीवार नसून विभागवार आहेत. म्हणून विभागाचें नांव, घराचा क्रमांक आणि जवळचें चर्च किंवा चौक, हीं तिन्ही सांगावीं. येते ती मोटार नव्हे, रुग्णवाहक बोट, आणि ती थेट इस्पितळाच्या धक्क्याला लागते. मुख्य सरकारी इस्पितळाचें दर्शनी दार म्हणजे सान मार्को या धर्मसंघाच्या जुन्या वास्तूचा पंधराव्या शतकांतील संगमरवरी दर्शनी भाग होय. नेपोलियनच्या अमदानींत तो संघ मोडला व वास्तु रोग्यांच्या सेवेस लागली. तेथल्या बोटीच्या थांब्याचें नांवच ‘ओस्पेदाले’ आहे.

किरकोळ दुखण्यास हिरव्या क्रुसाची पाटी असलेलें औषधाचें दुकान पुरतें. बंद असल्यास रात्रपाळीचें दुकान कोणतें याची सूचना दारावर लावलेली असते. आपल्याकडील औषधांचीं व्यापारी नांवें तेथें कळतीलच असें नाहीं. म्हणून डॉक्टरांच्या चिठ्ठींत मूळ द्रव्याचें नांव लिहून घ्यावें. आपल्या प्रवाशाला त्या देशाच्या व्हिसासाठीं निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा उतरावाच लागतो; त्याचे कागद पेटींत न ठेवतां अंगाशीं बाळगावे.

एके काळीं पाहुण्याला आरोग्याचा दाखला दाखवून चाळीस दिवस थांबावें लागे. आज त्याला विम्याचा कागद दाखवावा लागतो. कागद बदलला, परंतु त्यामागचें जुनें शहाणपण तेंच आहे : आलेल्या माणसाची काळजी घेणें हें यजमानाच्या दयेचें काम नसून त्याच्या स्वतःच्या सुरक्षिततेचें काम आहे. व्हेनिसला जाल तेव्हां राजवाडे अवश्य पाहा. पण सवड काढून लाझारेत्तोचें बेटहि पाहून या.