यादी कोणाजवळ? : फाइल-वाटपाच्या साधनांचा छोटा इतिहास

फाइल-वाटप म्हटले की चोरी, खटले आणि बंद पडलेली संकेतस्थळे एवढेच बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येते. ते स्वाभाविकही आहे, कारण या साधनांचा इतिहास आपल्यापर्यंत पोहोचला तो मुख्यतः न्यायालयांच्या निकालांतून. परंतु निकाल क्षणभर बाजूला ठेवून साधनांकडेच पाहिले, तर त्यांच्या रचनेत दोन प्रश्न सतत डोके वर काढताना दिसतात. कोणती वस्तू कोणाजवळ आहे याची यादी कोणी ठेवायची, हा पहिला. आपल्याला हवे ते मिळाल्यानंतर माणसाने इतरांना देण्यासाठी का थांबायचे, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर तंत्रज्ञांनी काही वर्षांत शोधून काढले. दुसरा मात्र आजही जवळजवळ जिथल्या तिथे आहे, आणि मराठी वाचकाचा संबंध येतो तो या दुसऱ्याच प्रश्नाशी.

आंतरजालाचा पूर्वज असलेले अर्पानेट १९६९ साली सुरू झाले, तेव्हा त्यावरील संगणक एकमेकांच्या बरोबरीचे होते. एका संगणकावरील फाइल दुसऱ्यावर न्यायची कशी, याचे नियम १९७१च्या एप्रिलमध्ये प्रथम लिहून काढले ते अभय भूषण यांनी. कानपूरच्या आयआयटीतून शिकून ते अमेरिकेतील एमआयटीत गेले होते. पुढे 'एफटीपी' या नावाने रूढ झालेल्या पद्धतीचे मूळ त्या मसुद्यात आहे. नव्वदच्या दशकात आंतरजाल घरोघरी शिरले, तेव्हा हे बरोबरीचे नाते उरले नाही. मोठे संगणक दुकान मांडून बसले आणि घरातील संगणक गिऱ्हाईक झाले. टेलिफोनच्या तारेवरून तासाच्या हिशेबाने जोडल्या जाणाऱ्या संगणकाकडून कोणी काही मागेल, ही कल्पनाच तेव्हा कोणाला शिवली नव्हती.

ती शिवली बॉस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातील शॉन फॅनिंग या विद्यार्थ्याला. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेत विकसित झालेल्या एमपी-थ्री पद्धतीमुळे गाण्याचा आकार सुमारे एक-दशांशावर आला होता, आणि साध्या मोडेमवरूनही एक गाणे दहा-पंधरा मिनिटांत उतरवून घेता येत होते. प्रश्न होता तो गाणे सापडण्याचा. जून १९९९मध्ये आलेल्या नॅपस्टरने तो सोडवला. गाणी ज्याच्या त्याच्या संगणकावरच राहत. नॅपस्टरच्या मध्यवर्ती संगणकावर असे ती फक्त यादी. शोध यादीत घ्यायचा आणि गाणे थेट परक्या माणसाकडून उतरवून घ्यायचे. दोन वर्षांच्या आत नॅपस्टरचे वापरकर्ते कोट्यवधींच्या घरात गेले.

यादी हेच नॅपस्टरचे बळ होते आणि मर्मस्थानही तेच. ध्वनिमुद्रण कंपन्यांनी डिसेंबर १९९९मध्ये खटला भरला. आमच्याजवळ एकही गाणे नाही, हा बचाव टिकला नाही. यादी तुमच्याजवळ आहे, म्हणजे काय चालले आहे ते तुम्हाला ठाऊक आहे आणि ते थांबवण्याची शक्तीही तुमच्या हाती आहे, अशी १२ फेब्रुवारी २००१च्या अपील न्यायालयाच्या निकालाची दिशा होती. त्याच वर्षी जुलैमध्ये नॅपस्टर बंद पडले. या निकालातून पुढच्या साधनकर्त्यांनी धडा घेतला तो एवढाच, की यादी जवळ ठेवायची नाही.

हा धडा निकालाच्या आधीच कोणीतरी गिरवून ठेवला होता. मार्च २००० मध्ये जस्टिन फ्रँकेल आणि टॉम पेपर यांनी ग्नुटेला नावाचा प्रोग्रॅम आंतरजालावर ठेवला. त्यांची कंपनी एओएलच्या मालकीची होती. एओएलने दुसऱ्याच दिवशी तो काढून टाकायला लावला, पण तोवर तो अनेकांनी उतरवून घेतला होता आणि इतरांनी त्याच्या कामाची रीत उलगडून नवे प्रोग्रॅम लिहिले. ग्नुटेलात मध्यवर्ती यादी नाही. आपण शेजारच्या काही संगणकांना विचारायचे, त्यांनी त्यांच्या शेजाऱ्यांना, आणि असे साधारण सात टप्प्यांपर्यंत. गावात हरवलेल्या गुराचा शोध असाच घेतला जातो. मात्र गाव वाढले की ही रीत जड होते. विचारपूस करण्यातच सगळ्यांचा वेळ जाऊ लागतो.

ग्नुटेलाने दुसरा प्रश्न मात्र लखलखीतपणे उघडा पाडला. २००० साली ऐतन अडार आणि बर्नार्डो ह्यूबरमन या झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील केंद्रातील संशोधकांनी तेथील देवघेव मोजून पाहिली. जवळजवळ सत्तर टक्के वापरकर्ते एकही फाइल इतरांसाठी खुली ठेवत नव्हते, आणि सर्व उत्तरांपैकी जवळपास निम्मी उत्तरे वरच्या एक टक्का संगणकांकडून येत होती. म्हणजे बरोबरीच्यांचे म्हणवणारे हे जाळे प्रत्यक्षात मूठभर दात्यांच्या खांद्यावर उभे होते. गायरानात सगळ्यांनी गुरे सोडायची आणि कुंपणाची डागडुजी कोणीच करायची नाही, त्यातलाच हा प्रकार.

यानंतरच्या साधनांनी एक मधला मार्ग धरला. नीक्लास सेनस्ट्रम आणि यानूस फ्रीस यांच्या, २००१मध्ये आलेल्या काझाने जलद संगणकांना आपोआप 'मुखिया' नेमले आणि याद्या त्यांच्यात वाटून टाकल्या. काझाचे कसब एस्टोनियातील प्रोग्रॅमरांचे होते, आणि याच मंडळींनी २००३ साली स्काइप उभे केले. काझा जलद होते. पण तिथे भेसळ फार. येथे साहित्याच्या विद्यार्थ्याला ओळखीचा वाटेल असा प्रश्न उभा राहतो, तो पाठशुद्धीचा. हस्तलिखितांच्या काळात नकला जितक्या वाढत तितके पाठभेद वाढत. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत शिरलेले अपपाठ दूर करून एकनाथांना शके १५०६मध्ये शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली. संगणकाची नक्कल हुबेहूब असते, पण फाइलीला दिलेले नाव खरेच असेल असे नाही.

यावरचा उपाय म्हणजे हॅश: फाइलीतील प्रत्येक अक्षर हिशेबात घेऊन काढलेला एक आकडा. एक अक्षर बदलले तरी आकडा पार बदलतो. जेड मॅकेलेब यांच्या २००० सालच्या ई-डाँकीत फाइलीची ओळख नावावरून न होता या आकड्यावरून होई. काझाने मात्र वेग साधण्यासाठी मोठ्या फाइलीचे निवडक तुकडेच हिशेबात घेतले. त्यामुळे मधला मजकूर बदलूनही आकडा तोच ठेवता येई, आणि बनावट गाणी पेरणाऱ्यांचे फावले. वाटपाच्या जाळ्यांवर असे पेरणे तेव्हा सर्रास चाले. २००३मध्ये मॅडोनाच्या नव्या संग्रहाच्या नावाने पसरलेल्या फाइलींत गाण्याऐवजी तिच्याच आवाजातील शिवी ऐकू येत असे.

दुसऱ्या प्रश्नाला भिडला तो ब्रॅम कोहेन. त्याने जुलै २००१मध्ये जाहीर केलेल्या बिटटॉरंटमध्ये फाइलीचे लहान लहान तुकडे केले जातात आणि प्रत्येक तुकड्याचा हॅश आधीच नोंदलेला असतो. भेसळीचा तुकडा आला तर तो टाकून दिला जातो. जो तुकडा सर्वांत कमी जणांजवळ आहे तो आधी घ्यायचा, हा एक नियम. दुर्मिळ ते आधी जपायचे, हे कोणत्याही ग्रंथपालाला पटावे. दुसरा नियम परतफेडीचा. मूळ रचनेत संगणक दर दहा सेकंदांनी हिशेब करतो आणि जे आपल्याला अधिक वेगाने देत आहेत अशा मोजक्यांनाच आपण देतो. पण नवागताजवळ द्यायला काहीच नसते, मग त्याने सुरुवात कशी करायची? यासाठी दर तीस सेकंदांनी कोणातरी एकाला काही न मागता देऊन पाहायचे. सगळा व्यवहार रोखीचा, आणि त्यात एवढी एक जागा उधारीची. या उधारीवाचून ते जाळे सुरूच होऊ शकले नसते. गर्दी वाढली की इतर साधने मंदावत. बिटटॉरंट गर्दीनेच जलद होई. लिनक्सच्या मोठमोठ्या प्रती वाटणाऱ्यांनी ते लगेच उचलले याचे कारण हेच.

कोहेनने शोध घेण्याची सोय मात्र मुळातच ठेवली नव्हती. यादीचा प्रश्न त्यामुळे संकेतस्थळांकडे गेला, आणि खटलेही त्यांच्यामागे गेले. २००३ साली स्वीडनमध्ये सुरू झालेल्या पायरेट बेवर ३१ मे २००६ रोजी पोलिसांनी छापा घातला. काही दिवसांत ते पुन्हा चालू झाले. एप्रिल २००९मध्ये त्याच्याशी संबंधित चौघांना एक वर्षाची कैद आणि तीन कोटी क्रोनरची भरपाई अशी शिक्षा झाली. अपिलात कैद घटली, भरपाई वाढली. तिकडे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २७ जून २००५च्या ग्रोक्स्टर निकालात एकमताने सांगितले होते की, यादी जवळ असो वा नसो, उल्लंघनाला उत्तेजन देण्यासाठी साधन पसरवणारा जबाबदार ठरेल. यादी टाकून दिल्याने सुटका होत नाही, असा त्याचा अर्थ.

तंत्राची चाल मात्र थांबली नाही. न्यूयॉर्क विद्यापीठातील पेटर मायमुन्कोव्ह आणि डेव्हिड मॅझिएर यांनी २००२मध्ये कॅडेम्लिया नावाची रीत मांडली. तीत प्रत्येक संगणकाला एक मोठा क्रमांक मिळतो, फाइलीचा हॅश हाही तशाच लांबीचा क्रमांक असतो, आणि ज्यांचे क्रमांक हॅशच्या जवळचे आहेत त्यांनी ती फाइल कोणाजवळ आहे हे लक्षात ठेवायचे. यादी अशी सर्वांत वाटली गेली. बिटटॉरंटच्या प्रोग्रॅमांनी २००५पासून ही कल्पना स्वीकारली. २०१२मध्ये पायरेट बेने आपल्याकडील बहुतेक टॉरंट-फाइली काढून मॅग्नेट-दुवे ठेवले, ज्यांत मुख्यतः तो हॅशच असतो. पहिला प्रश्न येथे सुटला.

यात कलावंताचे काय, हा प्रश्न टाळता येणार नाही. सप्टेंबर २००३मध्ये अमेरिकेतील ध्वनिमुद्रण कंपन्यांनी २६१ व्यक्तींवर दावे लावले. त्यांत न्यूयॉर्कमधील बारा वर्षांची एक मुलगी होती आणि दोन हजार डॉलरवर तडजोड झाली. ही जरब हास्यास्पद होती यात शंका नाही. पण त्यामुळे गीतकाराचा, वादकाचा मोबदल्याचा हक्क हास्यास्पद ठरत नाही. कंपन्यांच्या घटलेल्या विक्रीत वाटपाचा वाटा किती, यावर अर्थतज्ज्ञांचे एकमत नाही. बाजारात मिळणारी नवी कृती फुकट उतरवून घेणे आणि बाजाराने टाकून दिलेली कृती जपणे, या दोन कृतींचे साधन एक असले तरी त्यांचे नैतिक मोल एक नाही. भेद वस्तूत पाहावा लागतो.

आणि जपण्याच्या संदर्भातच दुसरा प्रश्न परत येतो. बिटटॉरंटची परतफेड चालते ती फाइल पुरी होईपर्यंत. पुरी झाली की प्रोग्रॅम बंद करणाऱ्याला अडवणारा कोणताही नियम नाही. अशांना तिकडे लीच म्हणतात, लीच म्हणजे जळू. फाइल पुरी झाल्यावरही थांबणारा तो सीडर, बी टिकवणारा. शेवटचा सीडर उठून गेला की दुवा राहतो, हॅश राहतो, आणि वस्तू मिळत नाही. काही खासगी संकेतस्थळांनी घेतले तेवढे दिलेच पाहिजे असा दंडक घातला. व्हॉट-सीडी या स्थळावर या शिस्तीतून बाजारात न मिळणाऱ्या संगीताची अतिशय काटेकोर सूची तयार झाली होती. नोव्हेंबर २०१६मध्ये फ्रान्समधील कारवाईनंतर ते बंद झाले आणि ती सूचीही गेली. शिस्त होती, पण यादी पुन्हा एकाच जागी होती.

मराठी वाचकाला याचा अनुभव निराळ्या मार्गाने आला आहे. सरकारी मदतीने उभ्या राहिलेल्या डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाच्या संग्रहात शेकडो जुनी मराठी पुस्तके होती. ते संकेतस्थळ बंद पडले. आज ती पुस्तके वाचता येतात, कारण त्या संग्रहाच्या प्रती इंटरनेट अर्काइव्हवर पोहोचल्या होत्या. अर्काइव्हने ऑगस्ट २०१२पासून आपला संग्रह बिटटॉरंटवरूनही देण्यास सुरुवात केली. आपल्या १९५७च्या कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतरचे साठावे वर्ष संपले की त्याचे लेखन सर्वांचे होते. हरिभाऊ आपटे, राजवाडे, केशवसुत, साने गुरुजी यांचे लेखन आज त्या स्थितीत आहे. ते वाटण्यात कोणाच्याही हक्काचा भंग नाही.

ज्यांना हे काम करायचे असेल त्यांच्यासाठी या इतिहासातून निघणाऱ्या सूचना थोड्या आहेत. क्यूबिटटॉरंट किंवा ट्रान्समिशन यांसारखा, मूळ संहिता खुली असलेला प्रोग्रॅम वापरावा. पुस्तकाच्या नावाने आलेली फाइल चालवण्याचा प्रोग्रॅम निघाली तर ती उघडू नये. आपला आंतरजालावरील पत्ता त्या क्षणी त्या जाळ्यातील सर्वांना दिसतो, हे ध्यानात ठेवावे. संपादकाची प्रस्तावना, अनुवाद, चित्रे यांचे हक्क मूळ लेखकाहून वेगळे असू शकतात, तेही तपासावे. आणि घेतले तेवढे दिल्याशिवाय प्रोग्रॅम बंद करू नये. फाइलीजवळ सीडर एकच दिसत असेल, तर त्याहूनही अधिक काळ थांबावे. कोहेनच्या नियमांत या थांबण्याची तरतूद नाही. ती ज्याची त्यानेच करायची आहे.