शतपदीचे शंभर पाय

पावसाळा लागला, की मोरीच्या कडेने किंवा ओल्या भिंतीवरून सरसरत जाणारी गोम कोणी पाहिली नाही? ती दिसली की मनुष्य एक तर मागे सरतो, नाही तर वहाण उचलतो; तिचे पाय मोजावेत, असे त्याच्या मनात सहसा येत नाही. आणि तरीही जगातील कितीतरी भाषांनी तिला नाव दिले ते पायांच्या संख्येवरूनच! न मोजता ठेवलेल्या या नावाचा इतिहास उद्बोधक आहे.

संस्कृतात ती 'शतपदी'. हा शब्द अमरकोशात आहे. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात तर शतपदीचे आठ प्रकार सांगितले आहेत: कृष्णा, चित्रा, रक्ता, श्वेता, अग्निप्रभा इत्यादी. म्हणजे वैद्याने तिचा रंग पाहिला, दंशाने होणारी सूज आणि दाह पाहिला. पायांचा हिशेब मात्र नावावरच सोडून दिला. रोमन लोक तिला 'सेंटिपेडा', म्हणजे शंभर पायांची, म्हणत. पहिल्या शतकातील प्लिनीच्या ग्रंथात हे नाव आढळते. चिनी आणि जपानी लिपींतही तिचे नाव 'शंभर' आणि 'पाय' या दोन चिन्हांनी लिहितात. रशियन भाषेने मात्र तिला चाळीसच पाय दिले. प्राणी एक, आणि त्याच्या पायांचे आकडे दोन!

प्राणिशास्त्रज्ञांनी प्रत्यक्ष मोजणी केली, तेव्हा गंमत उघड झाली. गोमेच्या शरीराच्या प्रत्येक विभागाला पायांची एकच जोडी असते. निरनिराळ्या जातींत पूर्ण वाढ झालेल्या गोमेला 15 पासून 191 पर्यंत जोड्या आढळतात, आणि क्वचित दिसणारी विकृती सोडली, तर ही संख्या नेहमी विषम असते. आता शंभर पाय म्हणजे पन्नास जोड्या, आणि पन्नास ही संख्या सम! तेव्हा 98 पायांची गोम असू शकेल, 102 पायांचीही असू शकेल; नेमक्या शंभर पायांची मात्र मिळणे दुरापास्त. आपल्याकडील मोठ्या घोणीला बहुधा 21 जोड्या, म्हणजे 42 पाय असतात. तिच्यापुरता रशियन भाषेचा अंदाजच अधिक जवळचा म्हणावा लागेल. ही विषमता का, याचा शोध अद्याप चालू आहे. गर्भावस्थेत गोमेच्या शरीराचे बरेचसे विभाग दोन-दोनांच्या गटाने उमटतात, असे 2004 मध्ये एका सागरकिनारी जातीवरील संशोधनातून दिसून आले.

'सहस्रपाद' हे नाव तर याहूनही अतिशयोक्त. आपण ज्याला पैसा किंवा वाणी म्हणतो, तो हा प्राणी. हजार पायांचा वाणी कोणाला ठाऊकच नव्हता. अखेर 2021 मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातील खोल भूगर्भात सापडलेल्या एका जातीचे वर्णन प्रसिद्ध झाले. तिच्यातील एका मादीला 1306 पाय होते. नाव आधी पडले आणि ते सार्थ करणारा प्राणी शतकांनंतर हाती आला.

मग आपल्या पूर्वजांनी खोटे सांगितले काय? तसे नव्हे. कमळाला 'शतपत्र' म्हणणाऱ्याने पाकळ्या मोजल्या नव्हत्या. 'शत' म्हणजे मोजण्याच्या पलीकडले, पुष्कळ. सरकारी दप्तरात आकड्याखाली मोजणाऱ्याची सही लागते. भाषेच्या दप्तरात तशी सही कोणी मागत नाही. अडचण होते ती आपण त्या दप्तरातील नोंद या दप्तरात उतरवून घेतो तेव्हा.

मराठीने 'गोम' म्हणताना कोणताच आकडा सांगितला नाही. एखादा पाय मोडल्याने गोम लंगडी होत नाही, ही आपली म्हणही पाय पुष्कळ आहेत, एवढेच सांगून थांबते. घोड्याच्या अंगावरील केसांच्या अशुभ मानलेल्या वळणालाही आपण गोमच म्हटले, आणि वरवर निर्दोष दिसणाऱ्या गोष्टीतील गुप्त दोषालाही तेच नाव दिले. शंभर या सरळ, गोल आकड्यातही अशीच एक गोम होती. ती दिसण्यासाठी कोणीतरी वहाण खाली ठेवून पाय मोजावे लागले.