ऑनलाइन बिझनेस फसला? पुन्हा सुरुवात करण्याआधी स्लॅकची ही गोष्ट वाचा

वेबसाइट बनवली, डोमेन आणि होस्टिंगचे पैसे भरले, वर्षभर रात्री जागून काम केलं आणि तरीही ग्राहक आलेच नाहीत, तर पुढे काय? "हार मानू नका" असं सगळेच सांगतात. पण नेमकं काय धरून ठेवायचं आणि काय सोडून द्यायचं, हे फारसं कुणी सांगत नाही. आजच्या लेखात एका खऱ्या उदाहरणावरून आपण हेच समजून घेणार आहोत.

स्लॅक म्हणजे काय?

स्लॅक हे ऑफिसमधल्या टीमने आपापसात बोलण्यासाठी वापरायचं अ‍ॅप आहे. विषयानुसार वेगवेगळे चॅनल, फाईल पाठवण्याची सोय आणि जुने मेसेज शोधण्याची सुविधा त्यात मिळते. आयटी कंपनीत काम करत असाल तर तुम्ही ते वापरलंही असेल. गंमत म्हणजे हे अ‍ॅप बनवणारी कंपनी मुळात गेम बनवायला निघाली होती. तो गेम फसला. आणि तिच्या संस्थापकाचा गेम फसण्याची ही पहिली वेळ नव्हती!

पहिलं अपयश: गेम नेव्हरएंडिंग

2002 मध्ये कॅनडातील व्हँकुव्हर शहरात स्टुअर्ट बटरफिल्ड, कॅटरिना फेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लुडिकॉर्प ही कंपनी सुरू केली. 'गेम नेव्हरएंडिंग' नावाचा ऑनलाइन गेम बनवायचा, असं ठरलं होतं. पण डॉट-कॉमचा फुगा नुकताच फुटला होता आणि गेमसाठी पैसे लावायला कुणी तयार नव्हतं. हातातले पैसे संपत आले. तेव्हा त्यांनी या कामातूनच पुढे आलेल्या फोटो शेअर करण्याच्या कल्पनेवर लक्ष दिलं. त्यातून फेब्रुवारी 2004 मध्ये फ्लिकर सुरू झालं आणि 2005 मध्ये ते याहूने विकत घेतलं.

दुसरं अपयश: ग्लिच

बटरफिल्ड यांच्या डोक्यातून गेम काही गेला नाही. 2009 मध्ये त्यांनी जुन्या सहकाऱ्यांना घेऊन टायनी स्पेक ही कंपनी काढली. 'ग्लिच' हा गेम सप्टेंबर 2011 मध्ये सर्वांसाठी खुला झाला, पण दोनच महिन्यांत सुधारणांसाठी तो पुन्हा बीटामध्ये न्यावा लागला. अडचणी मुख्यतः दोन होत्या:

1. लोक थांबत नव्हते. काही खेळाडू गेमच्या प्रेमात होते, पण बहुतेक नवे लोक थोडा वेळ खेळून निघून जायचे.
2. तंत्रज्ञान मागे पडत होतं. ग्लिच फ्लॅशवर चालायचा. लोक मोबाईलकडे वळत होते आणि आयफोनवर तर फ्लॅश चालतच नव्हतं.

अखेर 9 डिसेंबर 2012 रोजी गेम बंद झाला. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. कंपनीच्या खात्यात अजून पैसे शिल्लक होते. तरीही हा गेम मोठा धंदा होणार नाही हे दिसल्यावर त्यांनी थांबायचं ठरवलं. खेळाडूंना पैसे परत देण्याची सोय केली आणि कामावरून कमी केलेल्या लोकांना नवी नोकरी मिळावी म्हणून मदत केली. थांबणं इतकं नीट झालं, म्हणून पुढचं काम उरलेल्या पैशात आणि टिकलेल्या विश्वासावर सुरू होऊ शकलं.

मग स्लॅक कुठून आलं?

ग्लिचची टीम वेगवेगळ्या शहरांत बसून काम करायची. बोलण्यासाठी ते आयआरसी ही जुनी चॅट प्रणाली वापरत. पण आयआरसीमध्ये तुम्ही ऑफलाइन असताना आलेले मेसेज नंतर दिसत नाहीत. म्हणून गरज पडेल तशी एकेक सोय ते स्वतःच जोडत गेले. मेसेज साठवणं आणि ते शोधणं, दोन्ही जमू लागलं. गेम बंद करताना त्यांच्या लक्षात आलं की या साधनाशिवाय आपण आता काम करूच शकणार नाही. मग इतरांनाही ते का लागणार नाही?

ऑगस्ट 2013 मध्ये स्लॅकची पहिली घोषणा झाली आणि पहिल्याच दिवशी सुमारे 8,000 जणांनी नोंदणीसाठी विनंती केली. फेब्रुवारी 2014 मध्ये ते सर्वांसाठी खुलं झालं. 2021 मध्ये सेल्सफोर्सने हा व्यवहार पूर्ण केला, किंमत होती सुमारे 27.7 अब्ज डॉलर.

तुमच्या बिझनेससाठी यातून काय घ्यायचं?

आधी नेमकं कुठे अडलंय ते शोधा, कारण प्रत्येक अडचणीचा उपाय वेगळा असतो:

- लोक येतच नाहीत: माल चांगलाही असू शकतो, पण तो लोकांपर्यंत पोहोचत नाहीये. जाहिरात, सर्च आणि ओळखीपाळखीवर काम करा.
- येतात, पण काही घेत नाहीत: किंमत, फोटो, पैसे भरण्याची सोय आणि विश्वास तपासा.
- एकदा घेतात, पुन्हा येत नाहीत: हे सगळ्यात गंभीर. इथे जाहिरातीवर खर्च वाढवणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं. आधी माल किंवा सेवाच सुधारा.

त्यानंतर एक कागद घ्या आणि धंदा करताना तुम्ही काय काय कमावलं ते लिहा. समजा तुमचं मसाल्यांचं ऑनलाइन दुकान चाललं नाही. पण ऑर्डरचा हिशोब ठेवायला तुम्ही बनवलेली एक्सेल शीट शेजारचे दोन दुकानदार मागून नेत असतील, तर त्याकडे दुर्लक्ष करू नका.

शेवटी, किती पैसे आणि किती महिने द्यायचे हे आधीच ठरवा. घरखर्चाच्या किंवा कर्जाच्या पैशावर "अजून एक महिना बघू" करत बसू नका.

निष्कर्ष

प्रत्येक फसलेल्या धंद्यात स्लॅक दडलेलं असतंच असं नाही. बटरफिल्ड यांच्याकडे गुंतवणूकदारांचे पैसे आणि फ्लिकरचं नाव होतं, ते आपल्यापैकी बहुतेकांकडे नसतं. पण गेम सोडला तरी त्यांनी टीम, अनुभव आणि कामाची सवय सोडली नाही, हे तर आपल्यालाही जमू शकतं. चिकाटी म्हणजे एकाच कल्पनेला चिकटून बसणं नव्हे. बंद पडलेल्या दुकानातून काय उचलून न्यायचं, हे शांतपणे बघणं हीसुद्धा चिकाटीच आहे.