'आमच्या मते' : गाडीच्या वॉरंटीतल्या दोन शब्दांची गोष्ट

गेल्या उन्हाळ्यात भाच्याच्या गाडीचा एसी बंद पडला. गाडी दीड वर्षाची, वॉरंटी तीन वर्षांची. सर्व्हिस सेंटरवाल्याने बॉनेट उघडलं, दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "साहेब, बाहेरून फॉगलॅम्प लावलेत. वॉरंटी गेली." कॉम्प्रेसरचा खर्च पाच आकडी.

भाचा गप्प घरी आला. आपण सगळे असेच गप्प घरी येतो. पण फॉगलॅम्पचा आणि एसीच्या कॉम्प्रेसरचा संबंध काय, हा साधा प्रश्न त्याला कुणी विचारू दिला नाही, आणि त्यालाही सुचला नाही. या एका प्रश्नाला शंभर वर्षांचा इतिहास आहे. थोडं लांबेल, पण घरात गाडी असेल तर वाचा.

सुरुवात अमेरिकेत. फोर्डची मॉडेल टी 1908 ते 1927 या काळात दीड कोटींच्या आसपास खपली. गाडी स्वस्त, पण अगदीच साधी. त्यामुळे तिच्यावर बाहेरचं सामान चढवायचा एक वेगळा धंदाच उभा राहिला. टपालाने माल पाठवणाऱ्या सिअर्ससारख्या कंपन्यांच्या कॅटलॉगात मॉडेल टीसाठीच्या सुट्या वस्तू मिळत. गाडी घ्यायची आणि आपल्या मनासारखी करायची, ही हौस काही आजची नाही.

कंपन्यांनी यावर तोडगा वॉरंटीच्या कागदात काढला. त्या काळच्या छापील वॉरंटीत एक वाक्य असायचं. त्याचा मतितार्थ असा : आमच्या कारखान्याबाहेर गाडीत असा काही बदल केला, की ज्यामुळे आमच्या मते गाडीच्या विश्वासार्हतेवर परिणाम होतो, तर ही वॉरंटी लागू नाही.

'आमच्या मते' हे दोन शब्द नीट बघा. बिघाड झाला, भांडण लागलं, तर न्यायाधीश कोण? ज्याला पैसे द्यायचे आहेत तोच! पुढचा सगळा इतिहास म्हणजे हे दोन शब्द कागदातून काढायची लढाई आहे.

पहिला मोठा धक्का 1960 साली बसला. न्यू जर्सीतल्या हेनिंग्सन नावाच्या गृहस्थांनी मे 1955 मध्ये मदर्स डेची भेट म्हणून बायकोसाठी नवी प्लायमाउथ घेतली. दहा-बारा दिवसांत, जेमतेम साडेसातशे किलोमीटर चालल्यावर, स्टिअरिंगने दगा दिला आणि गाडी भिंतीवर आदळली. पुढचा भाग इतका चेचला, की नेमकं काय तुटलं होतं तेही सांगता येईना. कंपनीने मागच्या पानावरच्या बारीक अक्षरांकडे बोट दाखवलं : 90 दिवस किंवा 4,000 मैल, आणि तेही फक्त खराब भाग बदलून देऊ, बाकी जबाबदारी नाही. ही वॉरंटी सगळ्या मोठ्या कंपन्यांच्या संघटनेने ठरवलेली, म्हणजे दुसऱ्या दुकानात गेलात तरी कागद तोच. न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की ग्राहकाला घासाघीस करायची संधीच नसेल, तर अशा छापील अटीआड लपता येणार नाही. गाडी चालवण्यालायक असलीच पाहिजे, ही हमी कागदावर नसली तरी असतेच.

त्याच सुमारास कंपन्यांमध्ये वॉरंटीची चढाओढ लागली. फोर्डने 12 महिने किंवा 12,000 मैल केले. क्रायस्लरने 1963 च्या मॉडेलना इंजिन-गिअरसाठी थेट 5 वर्षं किंवा 50,000 मैल दिले. जाहिराती झकास! पण वॉरंटी लांबली तशी ती नाकारण्याची कारणंही लांबली. अमक्याचंच ऑइल, तमक्याचाच फिल्टर, नाहीतर वॉरंटी रद्द. तक्रारींचा ढीग पडला आणि शेवटी कायदा झाला : मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायदा. 4 जानेवारी 1975 ला त्यावर सही करणाऱ्या राष्ट्राध्यक्षांचं आडनावही फोर्डच, हा निव्वळ योगायोग.

या कायद्याचं सार असं, की अमुक ब्रँडचाच भाग वापरा, नाहीतर वॉरंटी बंद, अशी अट सरसकट घालता येणार नाही. तो भाग फुकट देत असाल तर गोष्ट वेगळी. आणि बाहेरच्या भागामुळेच बिघाड झाला असं म्हणायचं असेल, तर ते कंपनीने दाखवून द्यायचं. म्हणजे 'आमच्या मते' जाऊन तिथे 'पुरावा दाखवा' आलं.

आता आपल्याकडे या.

आपल्याकडे हा प्रश्न बराच काळ उद्भवलाच नाही. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी फियाट, म्हणजे पुढची प्रीमियर पद्मिनी, मिळायलाच वर्षानुवर्षं थांबावं लागे. वॉरंटीचं भांडण करतो कोण? कोपऱ्यावरचा मेकॅनिक हाच कंपनी आणि हाच देव. डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 रस्त्यावर आली आणि चकाचक सर्व्हिस सेंटरची सवय हळूहळू लागली. 1990 नंतर परदेशी कंपन्या आल्या, गाड्यांत इलेक्ट्रॉनिक्स आलं आणि कोपऱ्यावरचा मेकॅनिक मागे पडला. त्याला सुटे भाग मिळेनात, तपासणीची यंत्रं मिळेनात.

2011 मध्ये एका ग्राहकाने भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. सुरुवात तीन कंपन्यांपासून झाली, चौकशी वाढत इतर कंपन्यांपर्यंत गेली. 25 ऑगस्ट 2014 ला निकाल लागला आणि 14 कंपन्यांना एकूण सुमारे 2,545 कोटींचा दंड झाला. पेपरात दंडाचीच हेडलाइन झाली. पुढे अपिलांमध्ये दंडाचं गणित बदललं, कोर्टकचेऱ्या लांबल्या. पण आपल्या कामाची गोष्ट दंडात नव्हती, आदेशात होती. आयोगाने म्हटलं, की बाहेर काम करून घेतलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द, अशी अट नको. बाहेरच्या चुकीच्या कामामुळे बिघाड झाला असेल तर वॉरंटी नाकारा, पण जेवढ्यास तेवढीच.

हा आदेश बाहेरच्या दुरुस्तीबद्दल होता, मॉडिफिकेशनबद्दल नव्हे, हे मान्य. पण 'जेवढ्यास तेवढं' हे तत्त्व दोन्हीकडे सारखंच लागू पडायला हवं, असं माझं मत आहे.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर ही पोस्ट एकतर्फी होईल. कंपनी दरवेळी खोटी नसते. हेडलाइटला साधारण 60/55 वॅटचा बल्ब येतो. तिथे रिले न लावता 100/90 चा बल्ब ठोकला, तर होल्डर वितळणारच. ईसीयू रिमॅप करून टर्बो डिझेलची ताकद वाढवली, की क्लच आणि टर्बो यांच्यावर जादा ताण येतो, आणि तिथे वॉरंटी नाकारली तर रडायचं कारण नाही. कंपनीची वायर कापून त्यात म्युझिक सिस्टिमचा जोड मारला आणि वायरिंग जळलं, तर दोष कुणाचा हे लहान मूलही सांगेल. पण त्याच गाडीच्या दाराचा रबर फाटला किंवा सस्पेन्शन वाजायला लागलं, तर म्युझिक सिस्टिमचं नाव पुढे करणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

आणि एक गोष्ट वॉरंटीपलीकडची. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाही. सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2019 मध्ये हे पुन्हा ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. सीएनजी किट बसवता येतं, पण मान्यताप्राप्त किट हवं आणि आरसी बुकात नोंद हवी. वॉरंटी, विमा आणि आरटीओ ही तीन वेगळी दारं आहेत. एकात पास झालात म्हणून दुसऱ्यात पास होत नाही.

भाच्याचं पुढे काय झालं? मी त्याला एकच करायला सांगितलं : "लेखी मागून घे. कुठला भाग बिघडला, कुठल्या बदलामुळे बिघडला आणि कसा, हे तिघांनाही झेपेल अशा भाषेत लिहून द्या म्हणावं." त्याने ईमेल टाकला, फॉगलॅम्पचं बिल जोडलं, वायर कुठेही न कापता वेगळा रिले आणि फ्यूज लावल्याचे फोटो जोडले. चार दिवस शांतता. पाचव्या दिवशी फोन आला, "गाडी घेऊन या, वॉरंटीत बघतो." लेखी कारण मात्र शेवटपर्यंत आलं नाही. कारण लिहायला गेलं की ते किती पोकळ आहे हे लिहिणाऱ्यालाच कळतं.

दरवेळी इतकं सोपं होईल असं नाही. झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे, त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. पण सुरुवात काउंटरवरच करायची. बदल करण्याआधी वॉरंटीचं पुस्तक वाचा, बिलं जपा, वायर कापू देऊ नका. आणि कुणी "वॉरंटी गेली" म्हणालं तर आवाज न चढवता विचारा : "कशाची गेली, आणि कशामुळे?"

त्या अमेरिकन कागदातले 'आमच्या मते' हे दोन शब्द कायद्याने हटायला पन्नासेक वर्षं लागली. आपल्याकडे ते छापलेले नसले तरी काउंटरवर रोज बोलले जातात. पटलं तर नवी गाडी घेणाऱ्या एखाद्या मित्राला नक्की पाठवा.